कॅमेरा तिकडे करा, सिस्टर

छत्तीस वर्षं मी सरकारी दवाखान्यांत नर्स होते. त्यातली शेवटची चौदा हायवेलगतच्या दवाखान्यात गेली. ट्रकखाली आलेले, ढाब्यावर बाटलीने डोकं फुटलेले, बांधावरून कुऱ्हाडी काढलेले भाऊ-भाऊ, नवऱ्याने चुलीतल्या लाकडाने मारलेल्या बायका, सगळे आधी माझ्या टेबलावर यायचे आणि मग डॉक्टरांपुढे जायचे. रक्ताला मी घाबरत नव्हते. त्यामुळे मारहाण म्हणजे काय ते आपल्याला कळतं, असं मी धरून चालले होते. पण मी ती कायम होऊन गेल्यावर पाहिली होती. होत असताना एकदाही नाही.

निवृत्त झाल्यावर मी विसरवाडीत घर केलं. आम्ही नवापूरकडचे कोकणी आदिवासी, ख्रिस्ती. माहेरी भाताचं शेत आणि रविवारी प्रार्थना, एवढंच आयुष्य पुढे असेल असं वाटत होतं. तेवढ्यात नंदुरबारच्या एका खासगी कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. कॉलेजात इंटरनेटवरचे धंदे काढणाऱ्या तरुणांसाठी एक केंद्र सुरू झालं होतं. इन्क्युबेशन सेंटर म्हणत होते त्याला. त्याच्या सल्लागार मंडळावर त्यांना मी हवी होते.

"मला त्यातलं काय कळतं, सर?"

"आरोग्य क्षेत्रातली एक व्यक्ती हवी. महिला हवी. स्थानिक हवी, आणि आदिवासी असेल तर उत्तम."

एका खुर्चीत सगळं बसवायचं होतं त्यांना. मला हसू आलं आणि मी हो म्हटलं.

मंडळात आम्ही पाच जण. प्राचार्य स्वतः, एक निवृत्त अधिकारी, एक बियाण्यांचे मोठे व्यापारी, मी आणि अध्यक्ष. अध्यक्षांनी पुण्यात कंपनी काढली, वाढवली आणि विकली होती. त्यांचं मूळ गाव सारंगखेड्याजवळ तापीकाठी. महिन्यातून एकदा ते मोठ्या गाडीतून यायचे. पन्नाशीचे, सडपातळ, सकाळी पळून आलेले. बोलायला लागले की माणूस ऐकत राहायचा. आमच्या भागातल्या मुलांना कोणी खरं सांगत नाही, सगळे नुसते गोंजारतात, असं ते म्हणायचे आणि मला ते पटायचं.

त्यांची खरं सांगायची रीत मी पहिल्याच बैठकीत पाहिली. मिरची पिकवणाऱ्यांना फोनवरून थेट गिऱ्हाईक मिळवून देणार, असं सांगायला दोन मित्र आले होते. अध्यक्षांनी एकच प्रश्न तीनदा विचारला. तिसऱ्यांदा त्यातल्या एकाची जीभ अडखळली. अध्यक्षांनी हातातलं मार्कर पेन जोरात फेकलं. ते त्याच्या कानाखाली लागलं आणि शाईचा काळा ओरखडा उठला.

"लागलं?" अध्यक्षांनी विचारलं. "बाजार याहून जोरात मारतो. चल, पुन्हा पहिल्यापासून सांग."

त्याने पुन्हा पहिल्यापासून सांगितलं. सांगताना त्याचा हात कानाकडे जायचा आणि अर्ध्यातून खाली यायचा. प्राचार्य चहात साखर ढवळत होते. मी काहीतरी बोलणार तोच अध्यक्ष माझ्याकडे वळले.

"सिस्टर, टाके घालताना तुम्ही रडता का?"

"नाही," मी म्हटलं आणि हसले. सगळेच हसले.

पुढच्या बैठकांत मला त्याची सवय झाली. फायली भिरकावल्या जायच्या. एका मुलीचा लॅपटॉप त्यांनी इतक्या जोरात मिटला की तिची बोटं आत सापडली. मी तिच्या बोटांना थंड पाण्याची पट्टी लावली, आणि चहा झाल्यावर त्याच खुर्चीत परत जाऊन बसले.

मग ती आली. सव्वीस वर्षांची, धडगावच्या डोंगरातल्या पावरा कुटुंबातली. शहाद्याला कॉलेज करून नाशिकला दोन वर्षं कॉम्प्युटरवर काम केलेली. तिचा मोठा भाऊ जीप चालवायचा. ती उभी राहिली तीच न घाबरता. तिने आधी काकूची गोष्ट सांगितली. काकूला साप चावला, माणसांनी तिला बांबूच्या झोळीतून दीड तासात रस्त्यापर्यंत आणलं, आणि रस्त्यावर एकही जीप नव्हती. सगळ्या जीपा खाली बाजाराच्या गावात नंबर लावून उभ्या होत्या. आमच्याकडे जीप भरल्याशिवाय हलत नाही आणि आपला नंबर आल्याशिवाय भरत नाही. काकू रस्त्याच्या कडेलाच गेली.

"फोनमध्ये बटन दाबलं की सगळ्यात जवळच्या जीपला कळेल," ती म्हणाली. "पण नुसत्या पेशंटसाठी. बाकी नंबर स्टँडचा स्टँडवरच राहील. स्टँडवाल्यांशी माझं बोलणं झालंय. ते तयार आहेत."

मला ती फार आवडली. अशा किती जणी माझ्या टेबलापर्यंत पोचल्याच नव्हत्या, ते मला ठाऊक होतं.

अध्यक्ष तिच्यावर ओरडले नाहीत. त्याचंच मला बरं वाटलं. ते पुढे वाकून शांतपणे म्हणाले, "पेशंट किती असतात गं? रोज एक? दोन? ही समाजसेवा झाली. धंदा कुठंय? तुझ्या हातात आख्खा डोंगर आहे आणि तू फक्त आजारी माणूस मागतेस. स्टँड कशाला हवा? फोन आला, गाडी दारात. स्टँड संपला."

"सर, स्टँड संपला तर ते चिडतील."

"चिडू देत. चिडले म्हणजे तू त्यांना दिसलीस."

त्यांनी फळ्यावर स्वतःच्या हाताने लिहिलं: 'स्टँडवर थांबू नका. फोन करा, गाडी दारात.' हाच फलक जीपला लावायचा, आणि सुरुवात बाजाराच्या दिवशी, स्टँडसमोरच करायची. तिने माझ्याकडे पाहिलं. ते गाव मला माहीत होतं. तिथे मी दोन वर्षं नोकरी केली होती. गावाचं नाव इथे लिहीत नाही. हा फलक लावला तर काय होईल, हे त्या खोलीत मला सगळ्यात जास्त कळत होतं.

अध्यक्ष म्हणाले, "ज्यांना मान्य आहे त्यांनी हात वर करा."

मी हात वर केला. का केला, ते मी स्वतःला पुष्कळदा विचारलंय. बाकीच्या चौघांचे हात वर होते आणि माझा एकटीचा खाली राहिला असता, याहून मोठं कारण मला सापडलेलं नाही.

बाजाराच्या दिवशी सकाळी दहाच्या सुमाराला आम्ही तिथे पोचलो. ती, तिचा भाऊ आणि मी. मंडळातलं कोणीतरी सोबत असावं म्हणून प्राचार्यांनी मला पाठवलं होतं. अध्यक्ष पुण्याहून व्हिडिओ कॉलवर होते. सुरुवात त्यांना डोळ्यांनी बघायची होती. तिने आपला फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, "सिस्टर, तुम्ही नुसता धरून उभ्या राहा. सर बघतील."

बाजार भरला होता. सुकटीचा वास, पाय बांधलेल्या कोंबड्या, मडक्यांच्या उतरंडी. कडुनिंबाखाली जीपा रांगेत उभ्या होत्या आणि रांगेच्या तोंडाशी प्लास्टिकच्या खुर्चीवर नंबर लावणारा बसला होता. तो खालचा, शहाद्याकडचा. भरदार अंगाचा, हातात चांदीचं कडं. त्याची आई माझ्या वॉर्डात वारली होती आणि शेवटचे आठ दिवस मी तिचं सगळं केलं होतं. मला पाहताच तो उठला आणि माझ्या पाया पडला.

"सिस्टर, तुम्ही आठे कशा? चहा ल्या ना."

चहा मागवायला त्याने हाक मारली आणि मग त्याची नजर आमच्या जीपकडे गेली. फलक त्याने मोठ्याने वाचला, एकेक शब्द सुटा करून. वाचून झाल्यावर मागचे ड्रायव्हर खाली उतरले.

"बोलनं पेशंटनं व्हतं," तो तिला म्हणाला. "हाऊ बोर्ड काय म्हनस?"

"दादा, फलक मी काढते. ऐका तर."

"तुम्ही आमना नंबर मोडी ऱ्हायनात."

फोनवरून नाव नोंदवलेले पहिले प्रवासी आमच्या जीपमध्ये आधीच बसले होते. मोतीबिंदूच्या ऑपरेशनला निघालेला एक म्हातारा आणि त्याची बायको. एका ड्रायव्हरने मागचं दार उघडलं आणि म्हाताऱ्याला दंडाला धरून बाहेर ओढलं. त्याला नीट दिसत नव्हतं; पाय कुठे टेकवायचा ते न कळून तो तोंडावर पडला. म्हातारीच्या हातातलं फडकं सुटलं आणि भाकरी पायांखाली गेल्या. ते पाहून तिचा भाऊ पुढून धावत आला आणि त्याने नंबर लावणाऱ्याची कॉलर धरली. पहिला हात भावाने टाकला. हे मी नंतर लिहूनही दिलं.

नंबर लावणारा त्याही घाईत माझ्याकडे वळून म्हणाला, "सिस्टर, तुम्ही बाजूले व्हा. तुमले लागी जाई."

मी बाजूला झाले.

फोनमधून आवाज आला. "सिस्टर, काय चाललंय? मला आकाश दिसतंय नुसतं. कॅमेरा तिकडे करा, सिस्टर."

आणि मी कॅमेरा तिकडे केला. डॉक्टरांनी कात्री म्हटलं की कात्री द्यायची, तसा. फोन दोन्ही हातांनी छातीपाशी धरला आणि तिच्या भावावर नेला.

पाच-सहा जण त्याच्यावर तुटून पडले होते. तो लाथा झाडत होता, वाकत होता, पुन्हा सरळ होत होता. कोणीतरी जीपमधून टॉमी आणली, चाक खोलायची लोखंडी कांब. नंबर लावणाऱ्याने ती हातात घेतली आणि त्याच्या तोंडावर आडवी मारली. जबडा मोडल्याचा आवाज मी त्याआधी कधी ऐकला नव्हता. मोडलेले जबडे किती पाहिले होते! आवाज ओली फांदी पिळून तोडावी तसा होता. त्याचे दोन दात माझ्या चपलेपुढे येऊन पडले.

"हलवू नका," फोन म्हणाला. "अगदी असंच धरा. रेकॉर्ड होतंय."

मी असंच धरलं. किती वेळ, ते नंतर व्हिडिओ पाहिला तेव्हा कळलं. सत्तेचाळीस सेकंद. त्यात टॉमी तीनदा वर जाते आणि तीनदा खाली येते. तिसऱ्यांदा ती त्याच्या मनगटावर बसते, कारण त्याने तोंड झाकायला हात वर केलेला असतो.

मग फोन माझ्या हातातून गेला. मी टाकला की निसटला, आठवत नाही. मी धावले. माझ्याआधी ती पोचली होती. जीप घसरू नये म्हणून चाकाला उटी लावलेला दगड तिने दोन्ही हातांनी उचलला होता. तिने तो फेकला नाही. हातात धरूनच नंबर लावणाऱ्याच्या चेहऱ्यावर हाणला. तो खाली बसला. ती पुन्हा मारणार होती. मी तिचा दंड धरला, तर तिने मला झटकलं आणि दगड तिच्याच पायावर पडला.

मी गुडघ्यांवर बसले. डाव्या बाजूला तिचा भाऊ, उजव्या बाजूला तो. भावाच्या घशात रक्त उतरत होतं, म्हणून मी त्याला कुशीवर वळवलं. दुसऱ्या हाताने पदर ओढून नंबर लावणाऱ्याच्या डोळ्यावर धरला. पदराखाली काय आहे ते मला हाताला कळलं होतं. तेवढ्यात एका ड्रायव्हरने माझ्या खांद्यावरून भावाच्या बरगडीत लाथ घातली, आणि दुसऱ्याची माझ्या पाठीत बसली. मी वॉर्डात ओरडायचे तशी ओरडले.

"गाडी काढा! दोघंही मरतील इथे. गाडी काढा आधी!"

त्यावर ते थांबले. रांगेतल्या पहिल्या जीपच्या ड्रायव्हरने दार उघडलं. भाऊ तिच्या मांडीवर, नंबर लावणारा माझ्या मांडीवर, असे आम्ही दवाखान्याकडे निघालो. वाटेत कोणी कोणाकडे पाहिलं नाही. एका वळणावर त्याने माझं मनगट धरलं.

"मन्हा डोया ग्या का, सिस्टर?"

"माहीत नाही," मी म्हटलं. माहीत होतं.

दवाखान्यातून दोघांनाही पुढे पाठवलं. भावाचा जबडा तारेने बांधला, मनगटात सळई घातली. नंबर लावणाऱ्याचा डोळा काढावा लागला. माझ्या दोन बरगड्यांना भेग गेली होती. पोलिसांत दोन्हीकडून तक्रारी झाल्या. माझा जबाब घेतला तेव्हा मी जे पाहिलं ते सगळं सांगितलं: कॉलर, टॉमी, दगड. ते कळल्यावर तिने माझे फोन घेणं बंद केलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी शेजारणीने मला आपल्या फोनवर व्हिडिओ दाखवला. अध्यक्षांनी तो टाकला होता. दगडाच्या आधीच संपणारा. वर लिहिलं होतं, सातपुड्यातल्या एका मुलीचं स्वप्न असं तुडवलं गेलं. खाली लोकांनी काय काय लिहिलं होतं! जंगली, जनावरं, गोळ्या घाला. ड्रायव्हरांचे चेहरे स्पष्ट दिसत होते. आणि चित्र एकदम स्थिर होतं.

लिहिणारे लिहून थांबले नाहीत. खालच्या गावांतल्या काही तरुणांनी पेट्रोल पंपावर एका ड्रायव्हरला ओळखलं आणि गाडीतून खेचून पट्ट्यांनी मारलं. तो साठीचा माणूस होता. व्हिडिओत तो कोपऱ्यात चहाचा ग्लास घेऊन उभा दिसतो, तेवढंच. त्याने कोणाला बोटही लावलं नव्हतं. त्याच्या पाठीवरच्या बक्कलच्या खुणा मी स्वतः पाहिल्या. एकही जागा कोरी नव्हती.

त्या माराचा राग ड्रायव्हर कुठेतरी काढणारच होते. दोन दिवसांनी भरदुपारी तिचा फोन आला. मी "बोल" म्हटलं. मागे चरचर ऐकू येत होती.

"ऐकू येतंय का, सिस्टर?"

"काय आहे ते?"

"भावाची जीप. आता टायर फुटतील."

तिने फोन तिकडे धरला असावा. एक टायर फुटला, मग दुसरा. मग एक म्हातारा माणूस ओरडला, आणि फोन बंद झाला. तिचे वडील जळत्या जीपमधून कागदपत्रं काढायला गेले होते. दोन्ही हात कोपरांपर्यंत भाजले.

जीप जळल्यानंतर चौथ्या दिवशी मंडळाची बैठक बोलावली गेली. माझ्या छातीला पट्टा बांधलेला होता, तरी मी बसने गेले. मला वाटत होतं, आता सगळे खाली मान घालून बसतील आणि काहीतरी भरून काढायचं बोलतील. अध्यक्ष उभे होते. त्यांच्या डोळ्यांत चमक होती.

"इतक्या लोकांपर्यंत आपलं काम एका दिवसात पोचलं," ते म्हणाले. "याची जाहिरात करायला लोकांचं आयुष्य जातं."

तिलाही बोलावलं होतं. तिच्या पायाला बँडेज होतं आणि ती भिंतीला टेकून उभी होती. तिला कोणी बस म्हटलं नाही. मीही नाही.

"आता दुसरा भाग करायचा," अध्यक्ष म्हणाले. "जळलेली जीप आहे तशीच ठेवा, हलवू नका. वडिलांच्या हातांचं ड्रेसिंग सोडतात तेव्हाचं चित्र हवं. जवळून. आणि मग ही बोलेल."

"नको, सर," ती म्हणाली.

"का?"

"तो व्हिडिओ काढून टाका. आम्हाला तिथेच राहायचंय. माझी आई बाजारात जाऊ शकत नाही."

"आत्ता मागे सरलीस तर त्यांनी तुला उगाच मारलं."

"मला नाही मारलं, सर. भावाला मारलं."

ती रडायला लागली. आवाज न करता, खालचा ओठ दातांत धरून. अध्यक्ष टेबलाला वळसा घालून तिच्यापाशी गेले. मला वाटलं, ते तिला पाणी देतील. त्यांनी खिशातून फोन काढला आणि तिच्या तोंडासमोर धरला.

"हे बघ, रडायचंच असेल तर इथे रड. इथे त्याचा उपयोग आहे."

तिने तोंड फिरवलं. त्यांनी दुसऱ्या हाताने तिची हनुवटी धरून ते परत पुढे वळवलं.

मी उठले. खुर्ची मागे पडली. बरगड्यांमुळे मला भराभर चालता येत नव्हतं, म्हणून तिथवर जायला वेळ लागला, आणि तेवढ्या वेळात मला कोणीही थांबवू शकलं असतं. मी त्यांच्या हातातला फोन घेतला आणि त्याच फोनने त्यांच्या तोंडावर मारलं. मग पुन्हा मारलं. दुसऱ्यांदा नाकाच्या हाडावर बसलं. ते टेबलावर रेलले, तेव्हा मी तिसऱ्यांदा मारलं. आयुष्यात मी कोणावर हात उचलला नव्हता. माझ्या वडिलांनी मला मारलं होतं, नवऱ्याने मारलं होतं, दारू प्यालेल्या पेशंटांनी मारलं होतं. मी सगळ्यांना मलमपट्टीच केली होती.

हे खरं लिहायला हवं: मला थांबायचं नव्हतं. अंगात कुठेतरी बरं वाटत होतं. प्राचार्यांनी मागून माझे दोन्ही हात धरले नसते तर मी चौथ्यांदाही मारलं असतं, आणि पाचव्यांदाही. त्या टॉमीवाल्या हाताला काय वाटलं असेल, ते मला त्या दिवशी कळलं.

अध्यक्षांनी उलटा हात उचलला नाही. ते माझ्याकडे बघत होते आणि त्यांचा हात नाकाकडे जात होता आणि अर्ध्यातून खाली येत होता. त्यांच्या पांढऱ्या शर्टावर रक्त सांडायला लागलं. त्यांनी मान मागे टाकली.

"मान मागे टाकू नका," मी म्हटलं. "पुढे वाका. नाक चिमटीत धरा. तोंडाने श्वास घ्या."

ते पुढे वाकले. त्यांनी नाक चिमटीत धरलं. मी पर्समधला कापूस काढून टेबलावर ठेवला आणि बाहेर आले.

व्हरांड्यात ती माझ्या मागून लंगडत आली. मला वाटलं, गळ्यात पडेल.

"तुम्ही आज मारलंत," ती म्हणाली, "त्याने माझं काय झालं? त्या दिवशी तुम्ही हात वर केला नसता तर झालं असतं काहीतरी. तुम्हाला ते गाव माहीत होतं. मी तुमच्याकडे बघत होते."

ती पायऱ्या उतरली. एका वेळी एक पायरी, कठड्याला धरून. मी मदतीला हात पुढे केला तो तिने घेतला नाही.

मला मंडळातून काढल्याचं पत्र आठवड्यात आलं. माझ्यावर पोलिसांत तक्रार झाली नाही. बहुधा त्यांचा तो दुसरा भाग अर्धवट रेकॉर्ड झाला असावा आणि तो कोणाला दाखवण्यासारखा नसावा. व्हिडिओही त्यांनी काढून टाकला, पण तोवर तो इतक्या फोनांत जाऊन बसला होता की काढून काही उपयोग नव्हता. ते केंद्र अजून चालू आहे. अध्यक्ष नवे आहेत.

पावसाळा संपल्यावर दोन्हीकडच्या वडीलधाऱ्यांनी बसून समेट घडवला. कोणी कोणाच्या वाटेला जायचं नाही, एवढंच ठरलं. तिचा भाऊ आता दुसऱ्याची जीप चालवतो, त्याच स्टँडवर, नंबर लावून. जबडा वाकडा बसला आहे. भाकरी भिजवून खातो. ती नाशिकला परत गेली. तिने तो फोनवरचा धंदा सोडून दिला. डोंगरात अजूनही कोणाला साप चावला की झोळीच येते.

दिवाळीनंतर मी नंबर लावणाऱ्याच्या घरी गेले. जायचं की नाही याचा विचार करण्यात बरेच महिने घालवले होते. त्याच्या बायकोने दार उघडलं, मला ओळखलं आणि आत गेली. तो खाटेवर बसला होता. त्याने उठून पाया पडायला वाकायचं केलं. मी त्याला धरलं.

"तो व्हिडिओ मी काढला होता," मी म्हटलं. "फोन माझ्या हातात होता. ते सांगायला आले."

"माले माहीत शे, सिस्टर."

"कसं?"

"सगळा धावपळ करी ऱ्हायंतात. फोटो कसा हालनाच नही? हात जराबी हालना नही तुमना."

तो रागाने म्हणाला नाही. कुतूहलाने म्हणाला, जसं काही ते कोडं त्याने पूर्वीच सोडवून ठेवलं होतं. आतून त्याची बायको चहा घेऊन आली. तिने कप माझ्या हातात न देता जमिनीवर ठेवला. मी तो उचलून प्यायले. मग त्याने सांगितलं की काढलेल्या डोळ्याच्या जागेतून अजून पाणी येतं, झोपेत उशी ओली होते.

मी न्हाणीत जाऊन हात साबणाने धुतले, त्याला दारापाशी उजेडाकडे तोंड करून बसवलं आणि पापणी वर उचलून बघायला लागले.